सोयाबीनच्या काडात थेट हरभरा: विनामशागत पेरणी यंत्राने खर्च कसा उतरवायचा

दसऱ्याच्या आसपास आमच्या औसा (जि. लातूर) भागात सगळ्यांची एकच धांदल असते. सोयाबीन कापून गंजी लागलेली, मळणीयंत्राचा नंबर लागायचा बाकी, आणि रानातली ओल रोज बोटभर खाली सरकत असते. काही वर्षांपूर्वीपर्यंत माझीही रीत सगळ्यांसारखीच होती. गंजी उचलली की मोगडा (फणांचं मशागतीचं अवजार), मोगड्यामागून रोटाव्हेटर, मग पेरणी. प्रत्येक कामाला ट्रॅक्टरवाल्याच्या दारात उभं राहायचं. रोटाव्हेटर फिरून दोन दिवस झाले की वरची चार बोटं माती राखेसारखी भुसभुशीत आणि कोरडी. त्यात हरभरा टाकायचा आणि उगवणीसाठी रात्रभर तुषार संच हलवत बसायचं.

मशागतीचा खर्च तर जातोच, पण त्या मशागतीने ओल उडते आणि ती परत आणायला दुसरा खर्च करावा लागतो. हे मला उशिरा लक्षात आलं. आता चार रब्बी हंगाम मी आणि आमच्या शिवारातले पाच-सहा जण सोयाबीनच्या काडातच यंत्राने थेट हरभरा पेरतो. त्यातून जे जमलं आणि जे चुकलं ते इथे क्रमाने लिहितो. मांडणी काळ्या भारी ते मध्यम जमिनीची आहे. मुरमाड, हलक्या रानाला ती जशीच्या तशी लागू होणार नाही.

हे यंत्र वेगळं कशाने

आपल्या नेहमीच्या ट्रॅक्टर पेरणी यंत्राचा फण रुंद असतो, त्याला मोकळी माती लागते. विनामशागत यंत्राचा फण अरुंद आणि खाली उलट्या ‘टी’सारखा असतो. तो घट्ट रानात फक्त एक चीर पाडतो. चिरेचं तोंड अरुंद आणि तळ थोडा रुंद, त्यामुळे बी तळाशी ओलीत बसतं आणि वरून ओल कमी उडते. बाकी सगळं ओळखीचं: बियाण्याची आणि खताची पेटी, खाचांचे रोलर, नळ्या, आणि रोलर फिरवणारं जमिनीवरचं चाक. ३५ ते ४५ एचपीचा ट्रॅक्टर त्याला पुरतो.

उत्तर भारतात हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पंतनगरच्या कृषी विद्यापीठातून पुढे आलं. तिकडे भात निघायला उशीर होतो आणि गव्हाची पेरणी लांबते, म्हणून हरियाणा-पंजाबच्या शेतकऱ्यांनी ते उचललं. आपल्याकडे भात-गहू नाही, पण अडचण तीच आहे: दोन पिकांच्या मधले दिवस. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी गादीवाफे न मोडता भात घेण्याचं सगुणा तंत्र रुजवलं, कोल्हापूरकडे प्रताप चिपळूणकर यांनी विनानांगरणीचा ऊस करून दाखवला. म्हणजे जमीन न उलथता पीक घेणं आपल्या मातीला परकं नाही.

तयारी खरिपातच सुरू होते

कोणतं रान धरायचं हे ऑगस्टमध्येच ठरवा. ज्या रानात कुंदा, हराळी किंवा लव्हाळा आहे, तिथे या वर्षी हा प्रयोग करू नका. ही तणं मुळाच्या काशांवरून फुटतात आणि मशागत बंद केली की त्यांना रान मोकळं मिळतं. आमच्या भावकीतल्या एका काकांनी कुंद्याच्या पट्ट्यात थेट पेरणी केली. डिसेंबरात हरभरा खाली आणि कुंदा वर, अशी गत झाली. आधी उन्हाळ्यात तो खणून काढा, मग विनामशागतीकडे वळा.

वार्षिक तणांचं मात्र उलट होतं. माती हलली नाही की खाली गाडलेलं तणाचं बी वर येत नाही. हरियाणात थेट पेरलेल्या गव्हात मंडूसी नावाचं तण कमी उगवतं ते याच कारणाने. आमच्याकडेही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फरक जाणवला, पण त्याला अट एक: सोयाबीनमध्ये तण बी धरेपर्यंत ठेवायचं नाही.

दुसरी गोष्ट वाणाची. १०५-११० दिवसांचं सोयाबीन घेतलं तर ते निघेपर्यंत ओल फार खाली जाते. जेएस ९३०५ सारखा लवकर येणारा वाण असेल तर हरभऱ्याला आठ-दहा दिवस जास्त ओल मिळते. बागायत असेल तर हा मुद्दा तितका अडत नाही.

काढणी करताना काड किती ठेवायचं

विळ्याने कापणी असेल तर बुडखा दोन-तीन बोटं ठेवून कापा. उभा, रुजलेला बुडखा फणाला अडत नाही. अडते ती सुटी, लांब काडी. ती फणात गोळा होते, ओढत जाते आणि मागे मातीसकट ढीग टाकते. त्यामुळे गंजी उचलल्यावर जिथे गुळी (काड-भुसकट) पडली असेल तिथे ती दाताळ्याने पसरून घ्या. एक तासाचं काम आहे, पण नाही केलं तर पेरणीत तीनदा ट्रॅक्टर थांबतो.

हार्वेस्टरने काढत असाल तर मागे भुसकट पसरवणारी पाती आहेत का ते आधी विचारा. नसतील तर एका रांगेत जाड पट्टा पडतो आणि बरोबर त्याच पट्ट्यात हरभरा विरळ दिसतो. आणि ओल्या रानात हार्वेस्टर घालू नका. चाकोरी पडली की तिथे चीर उथळ होते आणि बी वरच राहतं. अशा रानाला त्या वर्षी वखराची पाळी घातलेलीच बरी.

बियाणे: किती, हे वजनावरून काढा

“एकरी एक पिशवी” हा हिशेब सोडा. हरभऱ्याची शिफारस ३० बाय १० सेंटिमीटरची आहे, म्हणजे एकरात साधारण १ लाख ३५ हजार झाडं. आपल्या बियाण्याच्या १०० दाण्यांचं वजन करा. समजा ते १९ ग्रॅम भरलं, तर १ लाख ३५ हजार दाणे म्हणजे साडेपंचवीस किलो. आता उगवण बघा. ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून सात दिवस ठेवा. ८५ उगवले तर साडेपंचवीसला ०.८५ ने भागा. ३० किलो आले. टपोऱ्या वाणाचे १०० दाणे २६ ग्रॅमचे असतील तर हाच हिशेब ४१ किलोंवर जातो. शेजारी ‘विजय’ हा वाण पेरतो आणि तुम्ही टपोरा वाण, तर त्याचा बियाणे दर तुम्हाला उपयोगाचा नाही.

पुढे हार्वेस्टरनेच हरभरा काढायचा असेल तर फुले विक्रमसारखा उंच वाढणारा वाण बघा. घाटे जमिनीपासून वर राहतात.

बीजप्रक्रिया या पद्धतीत टाळून चालत नाही. वर न कुजलेलं काड आणि खाली ओल, ही मूळकूज करणाऱ्या बुरशीला हवी तशी जागा असते. आमच्या पहिल्या वर्षी गुळीच्या पट्ट्यात रोपं पिवळी पडून बुडापाशी पांढरी बुरशी दिसली होती, आणि त्या भागाचं बियाणं आम्ही तसंच पेरलेलं होतं. क्रम लक्षात ठेवा: आधी बुरशीनाशक, मग लागत असेल तर कीटकनाशक, शेवटी रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू. जिवाणूंचं प्रमाण १० किलोला २५० ग्रॅमचं एक पाकीट. ट्रायकोडर्मा (रोगाची बुरशी दाबणारी मित्रबुरशी) वापरायचा असेल तर किलोला ५ ग्रॅम, पण रासायनिक बुरशीनाशकासोबत एकाच घमेल्यात नको. बियाणं सावलीत पूर्ण सुकवा. ओलसर दाणा रोलरच्या खाचेत चिकटतो आणि तुमची सगळी मोजणी (यंत्रातून एकरी किती बी पडतं त्याचं माप, ते पुढे येतं) चुकते.

यंत्र हाती आल्यावर

बहुतेकांचं यंत्र भाड्याचं किंवा गटाचं असतं. ते पेरणीच्या सकाळी थेट बांधावर नका बोलावू, आदल्या दिवशी वाड्यावर आणून ठेवा.

यामागे एक प्रसंग आहे. दुसऱ्या वर्षी आम्ही यंत्र आणलं ते थेट रानात. पेट्या भरल्या, पेरणी झाली, रान कसं रेषेत दिसत होतं. आठव्या दिवशी बघतो तर दर सात ओळींत दोन ओळी रिकाम्या, पार या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत. यंत्र आणून नळ्या काढल्या. दोन नळ्यांच्या आत कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं, अंगठ्याएवढं, वाळून दगडासारखं घट्ट. यंत्र पावसाळाभर शेडात पडून होतं, त्या नळ्या तिला आयत्याच मिळाल्या. वरून पेटीतलं बी थोडं थोडं कमी होत होतं, म्हणून शंका आली नाही. त्या तीन एकरांचा उतारा पडला तो या दोन मातीच्या गोळ्यांमुळे.

तेव्हापासून प्रत्येक नळीतून तार घालून बघतो. बियाण्याच्याही आणि खताच्याही. मग फणांची टोकं एका पातळीत आहेत का ते सिमेंटच्या ओट्यावर यंत्र टेकवून बघायचं. एखादा फण झिजून आखूड झाला असेल तर त्याची ओळ कायम उथळ पडते. फणांमधलं अंतर टेपने मोजून ३० सेंटिमीटरवर घ्या. गव्हासाठी आणलेलं यंत्र बहुधा २०-२२ वर बसवलेलं असतं. ९ किंवा ११ फणांतले काही काढून ठेवावे लागतात, आणि काढलेल्या फणांच्या रोलरची तोंडं बंद करायची राहून गेली तर बी रानात सांडत जातं.

मोजणी: याला अर्धा तास द्याच

सगळा खर्च वाचवण्याचा खेळ इथे आहे, आणि माझ्या पाहण्यात दहातले आठ जण हेच काम टाळतात. ऑपरेटर म्हणतो, “मामा, दांडा तिसऱ्या खुणेवर ठेवला की बरोबर पडतंय.” त्याची तिसरी खूण गेल्या रानातल्या दाण्याची असते.

आधी जमिनीवरच्या चाकाचा व्यास मोजा. आमच्या यंत्राचा ४० सेंटिमीटर आहे. ३.१४ ने गुणलं की घेर सव्वा मीटर, नेमका १.२५६. पण रानात चाक थोडं घसरतं, म्हणून रानातच खुंट्या ठोकून २० मीटर मोजा, यंत्र पेरणीच्या खोलीवर टेकवून ओढा आणि चाकाच्या एका आरीला चिंधी बांधून फेरे मोजा. न घसरता १६ च्या आसपास व्हायला हवेत. आमचे १५ झाले. म्हणजे एका फेऱ्याला १.३३ मीटर.

सात ओळी, ३० सेंटिमीटर अंतर: पेरणीची रुंदी २.१ मीटर. १.३३ गुणिले २.१ म्हणजे एका फेऱ्यात २.८ चौरस मीटर. एक गुंठा १०१ चौरस मीटरचा. तेव्हा ३६ फेरे म्हणजे एक गुंठा. एकरी ३० किलो म्हणजे गुंठ्याला ७५० ग्रॅम.

आता यंत्र हायड्रॉलिकवर उचलून खाली ठोकळे लावा. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर खाली हात घालू नका. प्रत्येक नळीच्या तोंडाला एक-एक पिशवी बांधा, पेटीत निम्मं बियाणं भरा, आणि चाक हाताने सावकाश ३६ वेळा फिरवा. पहिले तीन-चार फेरे रोलर भरण्यासाठी आधीच फिरवून ते बी परत पेटीत टाकायचं. मग सातही पिशव्या किराणा काट्यावर वेगवेगळ्या तोला.

एकूण ७५० च्या आसपास यायला हवं. कमी-जास्त असेल तर बियाण्याचा दर ठरवणारा दांडा सरकवून पुन्हा ३६ फेरे. एकूण जुळलं म्हणून थांबू नका. सात पिशव्यांत प्रत्येकी साधारण १०७ ग्रॅम यायला हवं. एकीत ८० आणि दुसरीत १३० असेल तर एकूण बरोबर आणि पीक वाईट. तसं असेल तर त्या रोलरची पट्टी झिजली आहे किंवा खालची फट वेगळी आहे.

पिशवीतले दाणे तळहातावर घेऊन बघा. फुटलेली डाळ दिसली तर फट अरुंद आहे. ती वाढवा आणि मोजणी परत करा. हरभऱ्याचा दाणा गव्हापेक्षा मोठा, म्हणून गव्हावर बसवलेलं यंत्र त्याला चिरडतं.

खताचीही हीच रीत. एकरी ५० किलो डीएपी द्यायचं तर गुंठ्याला सव्वा किलो. खडे असतील तर आधी चाळून घ्या. खत बियाण्याच्या खाली किंवा बाजूला पडतं का ते थोडी माती उकरून बघा. युरिया बियाण्याच्या पेटीत मिसळून कधीही नको, त्याने कोंब जळतो.

सगळं जुळलं की दांड्याची खूण, वाण आणि १०० दाण्यांचं वजन वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी दहा मिनिटांत काम होतं.

पेरणीचा दिवस

रान वाफशावर आहे का, ते मुठीवर ठरवा. चार बोटं खालची माती मुठीत दाबा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटली तर पेरा. तशीच गोळा राहिली तर थांबा. ओल्या काळ्या रानात फण चिरेच्या भिंती लिंपून टाकतो, चीर उघडी राहते, आणि ऊन पडलं की तिथेच भेग जाते. बी भेगेत उघडं पडतं.

खोली किती, हे ओल सांगेल. खुरप्याने चार ठिकाणी उकरून ओल कुठून सुरू होते ते बघा आणि बी त्याच्या बोटभर खाली पडेल असं बसवा. जिरायतात हे ८ ते १० सेंटिमीटरपर्यंत जातं, बागायतात ५ पुरे. सोयाबीन इतकं खोल टाकलं तर मेलंच समजा, कारण त्याला आपली दोन्ही दळं वर उचलून आणावी लागतात. हरभऱ्याची दळं जमिनीतच राहतात, फक्त कोंब वर येतो. म्हणून त्याला खोल जाण्याची मुभा आहे.

वेग ताशी चार-पाच किलोमीटर, म्हणजे झपाझप चालणाऱ्या माणसाएवढा. ऑपरेटर एकरावर पैसे घेत असेल तर तो घाई करणारच. त्याला आधीच सांगा, वाटलं तर शंभर रुपये जास्त द्या. वेग वाढला की फण उचलला जातो, चाक उड्या मारतं, आणि खोलीही जाते व अंतरही.

एक माणूस यंत्रामागे चालत राहील अशी सोय करा. त्याचं काम एवढंच: नळ्यांतून बी पडतंय ना, आणि फणात काडी गुंतली नाही ना. मागे साखळी किंवा हलकी फळी ओढली की चीर झाकली जाते. वळताना यंत्र आधी उचला, मग वळा. टेकलेलं यंत्र वळवलं तर फण वाकतो आणि त्याच्या तोंडात माती भरते.

ट्रॅक्टरच्या पहिल्या दोन फेऱ्यांनंतर थांबून ओळीच्या एका मीटरमध्ये दाणे उकरून मोजा. दहा-बारा सापडले पाहिजेत.

तण

पेरणीआधीच उगवलेलं तण असेल तर ते रानात ठेवून पेरू नका. मशागत नाही म्हणजे त्याला मारणारं दुसरं काही नाही. थोडं असेल तर मजूर लावून काढा. ग्लायफोसेट या तणनाशकावर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये बंधनं आणली. त्याची फवारणी परवानाधारक कीडनियंत्रकांमार्फतच करायची, असं त्या आदेशात होतं, तेव्हा दुकानदार देतो म्हणून पंपात घालू नका.

पेरणीनंतर दोन दिवसांच्या आत, हरभरा वर यायच्या आधी, पेंडीमिथॅलीन ३० ईसी हे तणनाशक एकरी १ ते १.३ लिटर २०० लिटर पाण्यातून फवारा. लेबल वाचूनच. वरची माती ओलसर असेल तरच ते काम करतं, आणि काड जाड असेल तर बरंचसं काडावरच अडकतं. म्हणून वर गुळी पसरायला सांगितलं. त्यानंतर २५-३० दिवसांनी एक कोळपणी किंवा खुरपणी लागते, ती या पद्धतीतही चुकत नाही. पहिल्या वर्षी ती जास्तच लागते, हे धरून चाला.

हिशेब

भाडं गावोगावी वेगळं, म्हणून मी तास मांडतो. माझ्या वहीप्रमाणे जुन्या पद्धतीत एकराला मोगडा पाऊण तास, रोटाव्हेटर सव्वा तास आणि पेरणी पाऊण तास. आता फक्त शेवटचा पाऊण तास राहिला. म्हणजे एकरी दोन तास ट्रॅक्टर वाचला. या कामाला ट्रॅक्टर तासाला चार-पाच लिटर डिझेल पितो, ते आठ-दहा लिटर होतं. तुमच्या गावातलं तासाचं किंवा एकराचं भाडं त्यात घालून बघा.

त्यात भर उगवणीच्या पाण्याची. ओलीवर उगवलं तर तुषारची एक पाळी वाचते. बियाण्यात आमची एकरी सात-आठ किलोंची बचत झाली, पण ती मोजणीची, विनामशागतीची नव्हे. मोजणी कोणीही, कुठल्याही यंत्रावर करू शकतो.

उलट बाजूही लिहा. तणनाशक किंवा जादा खुरपणी, गुळी पसरायची मजुरी, आणि यंत्राचं भाडं साध्या पेरणीपेक्षा थोडं जास्त. उताऱ्याबद्दल खरं सांगायचं तर तो शेजारच्या मशागतीच्या रानाइतकाच येतो. रिकाम्या ओळींच्या वर्षी कमी आला. फायदा आहे तो खर्चात आणि त्या वाचलेल्या आठवडाभरात.

यंत्र विकत घ्यायची घाई नको. दोन-पाच एकरांच्या माणसाला ते वर्षातून दोन दिवस लागतं. चार-पाच जणांनी मिळून किंवा अवजारे बँकेकडून घेणं परवडतं. शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवरून अनुदान घ्यायचं असेल तर पूर्वसंमती पत्र हातात आल्याशिवाय पावती करू नका. आमच्या गावात एकाने आधी यंत्र आणलं आणि मग अर्ज भरला. त्याचं अनुदान बसलं नाही.

पहिल्या वर्षी सगळं रान या पद्धतीत घालू नका. एक एकर धरा, धुऱ्याजवळचं, रोज दिसणारं. दहाव्या दिवशी तिथे जाऊन दहा ठिकाणी एकेका मीटरमधली रोपं मोजा. नऊ-दहा असतील तर पुढच्या वर्षी एकराचे चार करा. पाच-सहा असतील तर उकरून बघा: बी कोरड्यात पडलंय, फुटलंय, कुजलंय की पडलंच नाही. चारही दुखणी वेगळी आहेत आणि प्रत्येकाचं उत्तर वर आलं आहे. सरासरी काढून मोकळं होऊ नका, कोणत्या ओळीत विरळ आहे तेही लिहा. तीच ती ओळ पुन्हा पुन्हा विरळ दिसली तर नळीत तार घालून बघा.